विहीणबाईंचा मान आणि चित्रगुप्ताची पेटी

"आला! आला! कागद आला!"

गर्दीतून आरोळी उठली आणि शे-दोनशे माना एकदम उंचावल्या. धरणगावाबाहेरच्या त्या गोदामात एकेकाळी सरकीची पोती रचलेली असायची. नव्याण्णव साली तिथे रविवारी मुंगीला शिरायला जागा उरत नव्हती. जामनेरपासून शिंदखेड्यापर्यंतची माणसं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून यायची, ती फक्त चित्रगुप्ताची पेटी बघायला.

पेटी म्हणजे सागवानी देव्हारा. एका कुलूपबंद कोठडीत ठेवलेला, समोर काच, काचेखाली बोटभर फट. भक्ताने फटीसमोर पाटावर बसायचं, डोळे मिटायचे, तोंडातून अक्षर काढायचं नाही. थोड्या वेळाने पेटी आतून करर्र-करर्र करू लागायची आणि फटीतून कागद सरकत बाहेर यायचा. त्यावर भक्ताचं नाव, त्याचं दुखणं आणि त्यावरचा उपाय, सगळं छापलेलं!

आताचा कागद भिकन नावाच्या शेतकऱ्याचा होता. तो उंच धरून भिकन सगळ्यांना दाखवत होता. "मना कानमा शिट्टी वाजस, हाई यामा लिखेल शे! मी आठे कोनले एक शब्द सांगेल नही!"

"सांगायची गरजच काय?" लेखानंद महाराज मंद हसले. विंचरलेली लांब दाढी, पांढरी लुंगी, गळ्यात स्फटिकाची माळ. "भक्तांनो, काही शहाणे म्हणतात, हे यंत्र आहे. अहो, आहेच यंत्र! मी कुठे नाही म्हणतो? पण याला अक्षरं दाबायच्या कळा आहेत का? नाहीत. याच्यापुढे कोणी बसलंय का? नाही. कोठडीला कुलूप आहे का? आहे! मग हे टाइप करतं कोण?"

"चित्रगुप्त!" गर्दी गरजली.

"चित्रगुप्त! यमाच्या दरबारातला हेडक्लार्क! त्याला रजा नाही, पेन्शन नाही, त्याची बदली होत नाही. त्याच्यापासून तुम्ही काय लपवणार? मात्र रांग मोडू नका. रांग हेच तप! ज्याचा नंबर, त्याचाच योग. जो नंबरावर हजर नाही, त्याचा कागद होमात!"

गर्दीच्या कडेला, खांबाला टेकून, चुडामण सर हे ऐकत होते आणि त्यांच्या छातीत नुसती चूल पेटली होती.

खोटं कशाला बोला, ती मत्सराची चूल होती. हा लेखानंद म्हणजे त्यांच्या वर्गातला उखर्डू. सातवीपासून चुडामणच्या मागच्या बाकावर बसून त्याच्या वहीत डोकावणारा. निबंधसुद्धा त्याने चुडामणचाच उतरवला होता, तोही 'माझे वडील' या विषयावरचा, आणि चुडामणच्या वडिलांचं नावही तसंच ठेवून. मॅट्रिकला आपटला, सुरतेला पळाला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत पावत्या फाडत पंधरा वर्षं राहिला आणि दाढी वाढवून परत आला. आज तो जीपमधून फिरत होता, तहसीलदार त्याच्या पाया पडत होते. आणि पहिल्या नंबराने पास झालेला चुडामण? चार खडखडणारी टंकयंत्रं घेऊन बाजारगल्लीत टाइपिंगचा क्लास चालवत होता, आणि त्यातल्या तीन यंत्रांवर धूळ बसत होती. पोरं आता कॉम्प्युटर शिकायला जळगावला जात.

तेही एक वेळ सरांनी गिळलं असतं. पण त्यांच्या स्वतःच्या बायकोने, कुंदाबाईने, त्या उखर्डूचा कागद देवघरात लावला होता, ते मात्र घशाखाली उतरत नव्हतं.

कुंदाबाईला क्षयाची बाधा होती. सिव्हिलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने गोळ्या, एक दिवसाचाही खंड नको. अडीच महिन्यांत ताप उतरला, अंगावर मांस चढलं. तेवढ्यात शेजारणींबरोबर ती गोदामातल्या त्या मठात जाऊन आली. कागद आला: 'कुंदाबाई, छातीतला विकार पूर्वकर्माचा आहे. गोळ्यांनी तो आत कोंडतो. गोळ्या सोड, विभूती घे.'

त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा फळीवर तसाच पडून होता. त्याला वीस दिवस झाले होते आणि दोन दिवसांपासून तिला पुन्हा खोकला लागला होता. ती पदरात तोंड दाबून खोकायची, पण चार हातांच्या घरात खोकला लपतो थोडाच.

"अगं, त्या उखर्डूला वरण-भाताचा फरक कळत नाही, त्याला छातीतलं काय कळतं?" सर ओरडले होते.

"मग माझं नाव कसं आलं कागदावर? छातीचं कसं कळलं? मी मठात तोंड उघडलं नाही. तुम्ही शपथ घाला."

"कुणाला तरी सांगितलं असशील."

"कुणाला सांगू? हे दुखणं लपवून ठेवलंय आपण. व्याह्यांच्या कानावर गेलं तर पोरीला काय म्हणतील, हे तुम्हीच म्हणता ना?" कुंदाबाई खोकली, श्वास घेतला, मग शांतपणे म्हणाली, "तुमचं दुखणं वेगळंच आहे. तुमचं पोट दुखतं. महाराज तुमच्या मागच्या बाकावर बसायचे ना?"

ते खरं होतं. त्या कागदाकडे पाहताना तिच्या डोळ्यांत जो उजेड यायचा, तो वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती पेटी कशी चालते हे त्यांना कळत नव्हतं. वीस वर्षं ते पोरांना पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगत आले होते: "प्रत्येक अक्षरामागे एक बोट असतं." आणि इथे तर अक्षरं होती, पण बोट कुठेच दिसत नव्हतं.

अशात नरडाण्याहून व्याही आले. निंबा नाना आणि झुंबरबाई. लेक तिकडे दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणजे विहिणीचा मान अजून ताजा होता. झुंबरबाईला पेटीचं दर्शन हवं होतं. कुंदाबाईलाही जायचंच होतं, खोकल्याचं विचारायला. नाही म्हणायची सरांची काय टाप!

दर्शनाचा पास मात्र धरणगावात मिळत नसे. आदल्या दिवशी जळगावला जायचं, बसस्टँडसमोरच्या फोनच्या दुकानात. पास फुकट. दुकानाच्या अर्ध्या भागात मठाची मांडणी होती: फोटो, अगरबत्ती आणि कॉम्प्युटरमागे बसलेली एक बाई.

"सर! ओळखलं का? मी प्रमिला. तुमची पंच्याऐंशीची बॅच!"

सरांनी ओळखलं. दहा बोटांची, यंत्राकडे न पाहता मिनिटाला पन्नास शब्द मारणारी त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तीसुद्धा उखर्डूच्या पदरी! सरांच्या पोटातला निखारा आणखी फुलला. ते तिथे थांबलेच नाहीत. निंबा नानांना घेऊन चहाच्या टपरीवर गेले. निंबा नानांना साखरेचा आजार होता, तरी त्यांनी तिथे इकडेतिकडे बघून दोन जिलब्या गट्ट केल्या. टपरीवरून सरांना दिसत होतं, प्रमिला एकेकीला वेगळं बसवून नोंद करतेय, आता विहिणीशी हसून बोलतेय, मान हलवतेय, आणि बोटं मात्र खाली आपली नाचताहेत. "काय वेग आहे!" सर पुटपुटले. "माझा वेग. मीच दिलेला." आणि जळत बसले. जळणाऱ्या माणसाला धूरच दिसतो, आग कुठे आहे ते दिसत नाही.

नानांचंही नाव नोंदवून झालं आणि पास मिळाले. कुंदाबाई एक्केचाळीस, झुंबरबाई बेचाळीस, नाना त्रेचाळीस. पासावर फक्त आकडा. "देवाला नाव सांगावं लागत नाही," प्रमिला म्हणाली.

भिकनचा कागद निघाला त्याच रविवारी मठात चाळीस नंबर संपला आणि दाराशी उभ्या स्वयंसेवकाने हाक मारली, "एक्केचाळीस!"

कुंदाबाई पुढे झाली आणि थबकली. मागे झुंबरबाई होती. मुलाची आई! विहीण मागे उभी आणि मुलीची आई पुढे, हे खानदेशात कुणी ऐकलंय का? पंगतीत पहिलं पान तिचं, गाडीत खिडकी तिची, आणि देवाच्या दारात ती मागे?

"विहीणबाई, तुम्ही आधी."

"नही व माय, तुमना नंबर शे."

"नंबराचं काय घेऊन बसलात? उद्या लोक मला काय म्हणतील?"

"रांग मोडू नका," स्वयंसेवक गुरगुरला. "ज्याचा नंबर त्यानेच बसायचं."

एवढं सोपं होतं ते! कुंदाबाईने पदराआडून आपला एक्केचाळीसचा पास विहिणीच्या मुठीत कोंबला आणि तिचा बेचाळीस स्वतः घेतला. स्वयंसेवकाने आकडा पाहिला, झुंबरबाईला पाटावर बसवलं. महाराजांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. बरोबर तीन मिनिटं. करर्र-करर्र. कागद आला.

झुंबरबाई चौथी शिकलेली होती आणि त्याचा तिला अभिमान होता. तिने खणखणीत आवाजात वाचलं, "कुंदाबाई. छातीतला क्षय बाहेर पडतो आहे, म्हणून खोकला. भिऊ नकोस. गोळ्यांना हात लावू नकोस."

इतके दिवस जपलेलं गुपित विहिणीच्या तोंडून भर सभेत बाहेर पडलं होतं. कुंदाबाईने पदर तोंडावर ओढला.

"माले क्षय नही शे," झुंबरबाई गोंधळून म्हणाली. "मना तं गुडघा दुखतस."

"चित्रगुप्ताची लीला!" महाराज चटकन म्हणाले, पण त्यांचा हात माळेवर थांबला होता. "पुढचा! बेचाळीस!"

स्वयंसेवकाने भांबावून कुंदाबाईला पाटावर ढकललं. तीन मिनिटं. करर्र-करर्र. तिने तोंडावरचा पदर सोडला नाही, म्हणून कागद सरांनीच उचलला आणि वाचला.

"झुंबरबाई. गुडघ्यांना विभूती लाव. पती चोरून जिलबी खातो, त्याची काळजी चित्रगुप्तावर सोड."

निंबा नाना उसळले. "कोनी सांगं हाई? आं? गावभर मनी बदनामी?"

"मी कोनले सांगू?" झुंबरबाईही तापली. "मी कोनलेच सांगेल नही! त्या जयगावनी पासवाली पोरगी, तिले तेवढं बोलनू. ती इतली मायाम्हाईन पूसस, म्हनीसन बोलनू!"

सरांनी कपाळावर हात मारला.

बोट! बोट जळगावला होतं! आणि काल ते डोळ्यांसमोर नाचत असताना आपण टपरीवर बसून त्याच्या वेगाचा हेवा करत होतो!

"कुंदा," ते वळले, "तूही प्रमिलाला सांगितलंस? मागच्या वेळीही?"

"तिला सांगणं म्हणजे काही सांगणं आहे का?" कुंदाबाई पदराआडून म्हणाली. "गर्दीत कुणी हरवलं तर नोंद असावी, म्हणून नाव विचारते बिचारी. मग सहज म्हणते, ताई, चेहरा उतरलाय. मठात बोलू नका हं, पण काय झालंय? आणि ते जळगावला, आदल्या दिवशी. इथे दहा कोसांवर कोण सांगायला येतंय?"

"कोणी यायची गरजच नाही!" सर गर्दीकडे वळले. "ऐका सगळे! ही पेटी माणसाला ओळखत नाही. नंबराला ओळखते!"

"हा चुडामण मास्तर," महाराज गोड आवाजात म्हणाले, "माझा बालमित्र. याच्या मनात द्वेष आहे. माझं नाव झालं, याचा क्लास बुडाला. मत्सर हा महाशत्रू, भक्तांनो."

गर्दीत हशा पिकला. "मास्तर जयस," कुणीतरी म्हणालं.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. क्षणभर वाटलं, मुकाट घरी जावं. मग त्यांना फळीवरचा डबा आठवला.

"हो, जळतो!" ते ओरडले. "याच्या जीपवर जळतो, याच्या पाया पडणाऱ्यांवर जळतो, माझी बायको माझं सोडून याचं ऐकते म्हणून तर रात्रंदिवस जळतो! पण मी जळतो म्हणून याचं खोटं खरं होत नाही. माझं ऐकू नका. तुमच्या डोळ्यांनी बघा. पुढच्या दोघांनी फक्त पास बदला. देव ओळखत असेल, तर माणूस बघून बोलेल. यंत्र ओळखत असेल, तर नंबर बघून बोलेल."

"देवाची परीक्षा? पाप आहे!" महाराज उठले. "आजचं दर्शन संपलं!"

पण आपली बदनामी कशी झाली हे निंबा नानांना कळायलाच हवं होतं. ते पाटाजवळ ठाण मांडून उभे राहिले आणि आपला त्रेचाळीसचा पास त्यांनी भिकनच्या हातात दिला. भिकन पुन्हा पाटावर बसला. आज सकाळीच ज्याच्या कानातली शिट्टी चित्रगुप्ताने ओळखली होती, तोच भिकन. आता देवाला त्याची ओळख पटायला हवी होती.

महाराज दर्शन संपलं म्हणत होते, पण पेटीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तीन मिनिटं झाली. करर्र-करर्र.

भिकनने कागद हातात घेतला. "निंबा," तो अडखळत वाचू लागला, "तुझी साखर..." त्याने मान वर करून आपला कान चाचपला. "मना कान कथा गया?"

आधी एक म्हातारी हसली, मग सगळं गोदाम.

कोठडीचं कुलूप नानांनीच उघडायला लावलं. देव्हाऱ्याच्या मागून एक वायर भिंतीतून पलीकडच्या खोलीत गेली होती. तिथे टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी एक लहानशी डबी, आणि डबीतून निघालेली साधी टेलिफोनची तार. खोलीत माणूस नव्हता. पडद्यावर यादी होती: चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस... समोर नावं, समोर दुखणी, समोर उपाय.

सरांना त्यातलं सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं त्यांनी टाइपिंगच्या पहिल्या धड्यासारखं सांगितलं. "जळगावला प्रमिला एक पान भरते. नाव, नंबर, दुखणं, आणि माणूस वर जे बोलेल तेही. कळ दाबली की ते पान फोनच्या तारेवरून या कॉम्प्युटरकडे येतं. हा सर्व्हर. याच्या पोटात उत्तरं आधीच लिहून ठेवलेली. कान असेल तर हे, गुडघा असेल तर ते. ठरल्या वेळी सुरू होतो आणि दर तीन मिनिटांनी, नंबराप्रमाणे, एकेक कागद त्या पेटीतल्या प्रिंटरकडे पाठवतो. आपोआप. म्हणून रांग म्हणजे तप! म्हणून घड्याळावर डोळा! आणि जो नंबरावर हजर नसेल त्याचा कागद महाराज न वाचता होमात टाकतात, तो कशासाठी? तर तो दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून!"

"तुले कसं समजनं रे चुडामण?" उखर्डू बोलून गेला. लेखानंदाची शुद्ध भाषा दाढीतच राहिली. "सुरतना मालक तं म्हने, कोनले कळाव नही! आठे पावती फाडी का तठे गोदाममा कागद निंघे. बठ्ठा हमालस्ले माहीत व्हतं, पन आठे कोनले..." मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो दाराकडे सरकू लागला.

म्हणजे सुरतेच्या हमालांना जे रोजचं काम म्हणून ठाऊक होतं, ते आमच्याकडे देव म्हणून पुजलं जात होतं. खोकला असो की मधुमेह, माणूस न तपासता लिहिलेल्या उत्तरांवर आम्ही औषधं सोडत होतो.

गर्दी पांगत होती. काहीजण उखर्डूला गराडा घालून जाब विचारत होते. सरांना तो क्षण कितीतरी दिवस हवा होता. पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. कुंदाबाई खांबाशी तोंड झाकून बसली होती आणि तिच्यासमोर विहीण उभी होती. आता ही काय बोलणार? पोरीला परत पाठवते म्हणाली तर?

झुंबरबाई खाली बसली. कुंदाबाईचा पदर तिने हाताने बाजूला केला.

"मना भाऊ असाच गया," ती म्हणाली. "दोन महिना गोळ्या खाद्यात, बरं वाटनं, सोडी दिन्ह्यात. परत उनं तवय कोनतीच गोळी चालनी नही. क्षय व्हवाना, त्यामा काय लाज? गोळी सोडानी लाज! उठा. सिव्हिलमा मी येस तुमनासंगे."

आणि कुंदाबाई उठली! वीस दिवस जी सरांच्या शपथांनी, ओरडण्याने, रुसण्याने हलली नव्हती, ती विहिणीच्या चार वाक्यांनी उठली. सरांना आनंद झाला आणि, काय करणार, थोडा हेवाही वाटला.

सोमवारी सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी कुंदाबाईला चांगलं फैलावर घेतलं. थुंकी तपासली आणि म्हणाले, "वेळेत आलात. पण आता गोळ्या पुन्हा पहिल्यापासून." प्रमिलाही भेटायला आली, रडली. आपण भरतो ते पान नोंदवहीत जातं, एवढंच तिला सांगितलं होतं. ते कुठे छापून निघतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. "विचारायला हवं होतं सर," ती म्हणाली. सर म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. मी फक्त तुझा वेग बघत बसलो."

यंत्राचा यात काही दोष नाही, हे ध्यानात ठेवा. इथे लिहिलेलं तिथे आपोआप छापून निघतं, ही माणसाच्या अकलेची करामत आहे. हीच तार दवाखान्याला जोडली असती, तर कुंदाबाईने गोळ्या चुकवल्या हे डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कळलं असतं. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे मी कुठे, कुणाला, केव्हा बोललो होतो? अक्षर दिसतंय ना, मग त्यामागचं बोट शोधा. ते दहा कोसांवर असेल, पण असतंच. आणि शोधणारा मत्सरी आहे म्हणून त्याला हसू नका. त्याने दाखवलेलं स्वतः पडताळून पाहा.

त्या दिवशी सिव्हिलच्या औषधाच्या खिडकीपाशी लांब रांग होती. कुंदाबाईच्या हातात नंबराचा पत्र्याचा बिल्ला, मागे झुंबरबाई. नंबर आला. खिडकीतल्या माणसाने वर न बघता पुडा पुढे सरकवला.

कुंदाबाईने पुडा उचलला नाही. तिने बिल्ला खिडकीवर ठेवला आणि म्हणाली, "दादा, नंबर राहू द्या. आधी वर बघा, आणि पुड्यावरचं नाव मोठ्याने वाचा."